बाबांनी स्पायरोमीटर उलटा धरलाय!

पत्र (थोडं कापून देतेय)

ताई, माझे बाबा ६७ वर्षांचे, बायपास होऊन अकरा दिवस झाले, आता घरी आहेत ऐरोलीला. हॉस्पिटलमधून निघताना ते तीन बॉलवालं प्लास्टिकचं यंत्र दिलं, नर्स म्हणाली "दर तासाला बॉल वर करायचे" आणि पुढच्या पेशंटकडे गेली. बाबा घरी येऊन फुंकत बसले, बॉल हलेनात. मग त्यांनी डोकं लावलं, यंत्रच उलटं धरलं आणि फुंकलं, तर तिन्ही बॉल वर! आता येईल त्या पाहुण्याला करून दाखवतात. पुण्याचा भाऊ व्हिडिओ कॉलवर ओरडतो की ओढायचं असतं. बाबा म्हणतात मी तीस वर्षं ठाणे-बेलापूर रोडला कंपनीत कॉम्प्रेसर सांभाळलेत, हवा ढकलल्याशिवाय हलत नाही, मला शिकवू नका. आई म्हणते पोट आत घ्या, छाती पुढे काढा. शिवाय सगळ्या खिडक्या सताड उघड्या आणि पंखा पाचवर, म्हणे हवा आत गेली पाहिजे. कोण बरोबर आहे? आणि बाबांना समजावू कसं?
– वैतागलेली लेक, ऐरोली

उत्तर

अगं लेकी, आधी उत्तर देऊन टाकते म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील. यंत्र सरळ उभं धरायचं आणि नळीतून हवा ओढायची. फुंकायचं नाही. भाऊ बरोबर आहे. पण बाबांना लगेच शून्य मार्क देऊ नकोस, कारण "हवा ढकलल्याशिवाय हलत नाही" हे त्यांचं वाक्य अगदी खरं आहे, फक्त ढकलणारा कोण हे त्यांनी चुकीचं धरलंय, आणि गंमत म्हणजे याचं उत्तर त्यांनी तीस वर्षं ज्या मशीनला तेलपाणी केलं त्या मशीनमध्येच आहे.

आणि नर्सवरही फार चिडू नकोस. मी फिजिओ म्हणून नवीन लागले होते तेव्हा एका आजोबांना असंच "हे बॉल वर करायचे बरं का" सांगून पुढच्या बेडकडे पळाले होते, तीन दिवस आजोबा फुंकत होते आणि मी फाईलवर टिक करत होते, चौथ्या दिवशी त्यांना ताप आला तेव्हा कुठे त्यांच्यासमोर स्टूल घेऊन बसले आणि बघितलं ते काय करतायत. त्यानंतर मी कुणालाही आधी स्वतः करून दाखवल्याशिवाय यंत्र हातात दिलेलं नाही.

आता मुद्द्यावर येते. आपण सगळे एक गोष्ट उलटी समजून चालतो, की हवा आत गेली म्हणून छाती फुगली, जसा फुगा फुंकला की फुगतो तसं. श्वासाचं तसं नाही. छाती आधी मोठी होते आणि म्हणून हवा आत येते. फुप्फुसाला स्वतःला फुगवणारा स्नायूच नाही, ते बिचारं छातीच्या मागे मागे जातं. काम करतात ते बरगड्यांमधले स्नायू आणि मुख्य म्हणजे श्वासपटल, तोच डायफ्राम, छाती आणि पोट यांच्या मधला घुमटासारखा स्नायू. तो आकुंचन पावला की घुमट खाली बसतो, साध्या श्वासाला जेमतेम एक-दीड सेंटिमीटर, बरगड्या थोड्या वर आणि बाहेर जातात, छातीतली जागा वाढते. जागा वाढली आणि हवा तेवढीच, म्हणजे दाब उतरला. हा बॉईलचा नियम, १६६२ सालचा, शाळेत पाठ केलेला असतो पण तो आपल्याच छातीत मिनिटाला १२ ते २० वेळा चालतो हे कुणी सांगत नाही.

आतला दाब उतरला की बाहेरची हवा आत घुसते. बाहेरच्या हवेचा दाब समुद्रसपाटीला ७६० मिलिमीटर पारा, ऐरोली काय ठाणे काय आपण खाडीकाठचीच माणसं, त्यामुळे आपल्याला हाच आकडा लागू. श्वास घेताना फुप्फुसातला दाब किती होतो माहितीये? साधारण ७५९. बस, एक मिलिमीटरचा फरक! बाबांचं बीपी मोजता ना, १२०-८० वगैरे, तोच हा मिलिमीटर. त्या १२० मधला एक. एवढ्याशा फरकावर अर्धा लिटर हवा, म्हणजे दुधाची अर्ध्या लिटरची पिशवी असते ना तेवढी, दर श्वासाला आत येते.

शहाळ्याशी तुलना करून बघ. शहाळ्यातलं पाणी स्ट्रॉने वितभर वर आणायला तोंडात जेवढा दाब कमी करावा लागतो तो साध्या श्वासाच्या दहापटीहून जास्त असतो. म्हणजे श्वास घ्यायला शहाळं पिण्याएवढाही जोर लागत नाही, आणि तरी आपले पेशंट डोळे मिटून, मान ताणून, चेहरा लाल करून "ओढतात".

आणि तो एक मिलिमीटर दाब उतरवायला किती जागा वाढवावी लागते? निवांत श्वास सोडून झाल्यावरही फुप्फुसात साधारण अडीच लिटर हवा असते. अडीच लिटर भागिले ७६०, म्हणजे तीन-साडेतीन मिलिलिटर. चहाचा चमचाभर सुद्धा नाही! तेवढी जागा झाली की हवा यायला सुरुवात, मग छाती हळूहळू मोठी होत जाते आणि हवा भरत जाते, आतला दाब परत ७६० झाला की हवा थांबते.

म्हणून मी म्हणते की ओढायचं हा शब्दच थोडा फसवा आहे, काय करायचं हे सांगायला ठीक पण नेमकं काय होतं ते त्यातून कळत नाही. ठाण्याला ट्रान्सहार्बरच्या प्लॅटफॉर्मवर संध्याकाळी उभी राहिली आहेस ना? रिकामी गाडी लागते, तेव्हा डब्यातून कुणी हात धरून ओढत नाही आपल्याला. आत जागा आहे आणि मागे गर्दी आहे, मागचे ढकलतात, आपण आत. हवेचं हेच. छाती फक्त रिकामा डबा लावते.

आता बाबांचा कॉम्प्रेसर. त्यांना एवढंच विचार, "बाबा, सक्शन स्ट्रोकला हवा सिलेंडरमध्ये कोण ढकलतं?" पिस्टन तर मागे जात असतो, तो कुणाला ढकलणार! पिस्टन मागे गेला, सिलेंडरमधला दाब बाहेरच्यापेक्षा कमी झाला, सक्शन व्हॉल्व्ह उघडला आणि शेडमधली हवा फिल्टरमधून आपोआप आत. ढकललं कुणी तर शेडमधल्या हवेने, म्हणजे आपल्या डोक्यावर जो हवेचा एवढा मोठा थर आहे त्याच्या वजनाने. बाबांचा डायफ्राम म्हणजे पिस्टन, बरगड्या म्हणजे सिलेंडर (जरा लवचिक सिलेंडर), नाक म्हणजे फिल्टर. मला खात्री आहे ते दोन मिनिटं गप्प बसतील आणि मग म्हणतील "ते तर मला माहीतच होतं". म्हणू दे.

पटलं नाही तर सुई नसलेली एक सिरिंज घे, पुढचं भोक बोटाने घट्ट बंद करून दांडा मागे खेचायला सांग, जड जाईल आणि सोडला की परत जागेवर येईल. मग दांडा ओढलेला असतानाच बोट काढायचं, फुस्स करून हवा आत. दांडा त्यांनीच ओढायचा नाही हं, तू ओढ, त्यांचं छातीचं हाड अजून जुळतंय.

आणि यंत्रातही हेच चाललंय. नळीतून ओढलं की बॉलच्या वरच्या बाजूचा दाब उतरतो आणि खालून खोलीतली हवा शिरून बॉलला वर ढकलते. बाबांनी यंत्र उलटं केलं म्हणजे दिशा उलटी केली, त्यामुळे फुंकल्यावर बॉल वर गेले. डोकं चांगलंच चाललंय त्यांचं, बायपासनंतर अकराव्या दिवशी हे सुचणं म्हणजे कमालच, पण व्यायाम नेमका उलटा झाला! फुंकताना फुप्फुस रिकामं होतं. आपल्याला हवंय ते भरणं.

का हवंय ते सांगते कारण इथेच खरं गांभीर्य आहे. ऑपरेशनच्या वेळी बाबा व्हेंटिलेटरवर होते, तेव्हा मात्र त्यांचं म्हणणं सरळसरळ लागू होतं, ते मशीन हवा दाबाने आत ढकलतं, अगदी फुग्यासारखं. (पूर्वी असं नव्हतं. १९२८ मध्ये अमेरिकेत ड्रिंकर आणि शॉ या दोघांनी लोखंडी फुप्फुस बनवलं, पेशंटचं डोकं बाहेर आणि बाकी अख्खं अंग एका टाकीत, टाकीतली हवा पंपाने कमी करायची म्हणजे छाती बाहेर येते आणि नाकातून हवा आत जाते. १९५२ ला कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली तेव्हा तशा टाक्या पुरेनात, मग इब्सेन नावाच्या डॉक्टरने गळ्यातून नळी घालून रबरी पिशवीने हवा ढकलायची पद्धत लावली आणि मेडिकलचे विद्यार्थी पाळ्या लावून हाताने पिशव्या दाबत बसले, दिवसरात्र. बाबांना ही गोष्ट आवडेल, सांग.) त्यात बायपास हार्ट-लंग मशीनवर (ऑपरेशनपुरतं हृदय-फुप्फुसाचं काम करणारं मशीन) झालं असेल तर तेवढा वेळ फुप्फुसं बहुतेक न फुगवता तशीच ठेवलेली असतात. नंतर छातीचं हाड दुखतं म्हणून माणूस वरवर श्वास घेतो, पडून राहतो, खोकायला घाबरतो. मग फुप्फुसाच्या तळाकडचे वायुकोश, म्हणजे हवेचे इवलेसे कप्पे, मिटतात आणि चिकटून बसतात. भाजीवाल्याकडच्या त्या पातळ पिशवीचं तोंड कसं चिकटलेलं असतं, उघडता उघडत नाही आणि एकदा उघडलं की सहज भरते, तसंच. मिटलेल्या भागात कफ साचतो आणि तिथे न्यूमोनिया व्हायची भीती असते. ते मिटलेले कप्पे उघडायला सावकाश मोठा श्वास आणि वर थोडं थांबणं लागतं. सगळा खटाटोप यासाठी.

आयसीयूत असताना बाबांच्या छातीतून नळ्या येऊन खाली बाटलीत गेलेल्या बघितल्या असशील. फुप्फुस आणि छातीची भिंत यांच्या मध्ये दोन पातळ आवरणं आहेत आणि त्यात अगदी थोडं पाणी. दोन ओल्या काचा एकमेकांवर ठेवल्या की घसरतात पण सुट्या होत नाहीत, तसं फुप्फुस छातीला धरून राहतं. फुप्फुस आत ओढू बघतं, छाती बाहेर, त्यामुळे मधल्या फटीतला दाब नेहमी बाहेरच्यापेक्षा कमी, साधारण ७५६, श्वास घेताना ७५४ च्या आसपास. त्या फटीत बाहेरची हवा शिरली की ही पकड सुटते आणि फुप्फुस आकसतं. बायपासमध्ये छातीच्या आतली रक्तवाहिनी काढून घेताना डावीकडचं आवरण बऱ्याचदा उघडावं लागतं, म्हणून नळी. तिचं टोक बाटलीतल्या पाण्यात बुडवलेलं असतं म्हणजे हवा बाहेर जाते पण परत आत येऊ शकत नाही, आणि श्वासाबरोबर पाण्याची पातळी वरखाली होते, ती हलणारी पातळी म्हणजे हाच दाब डोळ्यांना दिसतो. बाटली छातीच्या खालीच ठेवा असं सिस्टर सारखं बजावतात ना, ते उगाच नाही, वर उचलली तर पाणी छातीकडे जाऊ शकतं.

श्वास सोडायचं काय? काही नाही. निवांत असताना श्वास सोडायला कष्ट नाहीत, स्नायू सैल पडले की ताणलेलं फुप्फुस रबरासारखं परत येतं, जागा कमी होते, दाब ७६१ होतो, हवा बाहेर. बाबा जे फुंकतायत त्यात पोटाचे स्नायू जोर लावतात, जखमेवर ताण येतो आणि बदल्यात मिळत काहीच नाही.

अजून एक हिशोब आहे जो मला फार आवडतो. आत आलेल्या ५०० मिलीपैकी साधारण १५० मिली हवा नाक, घसा, श्वासनळी यातच अडकते, वायुकोशापर्यंत पोचत नाही. बाबांना सांग, कॉम्प्रेसरला व्हॉल्व्ह दोन असतात, आत यायचा वेगळा आणि बाहेर जायचा वेगळा, आपल्याला येण्याजाण्याचा पाईप एकच, म्हणून हे नुकसान. आता माणसाने भीतीने मिनिटाला तीस छोटे श्वास घेतले, प्रत्येकी २०० मिली, तर एकूण सहा लिटर हवा हलली पण कामाची प्रत्येकी फक्त ५० म्हणजे दीड लिटर. तेच सावकाश बारा श्वास ५०० मिलीचे घेतले तर हवा तेवढीच, सहा लिटर, पण कामाची ४ लिटर २०० मिली. सारखंच हलवून जवळजवळ तिप्पट फायदा! वरवर भरभर श्वास घेणारा पेशंट दमतो का, याचं उत्तर यात आहे.

आईचं "पोट आत, छाती पुढे" हे शाळेतल्या पीटीच्या तासाचं आहे, फोटोला ठीक. पोट आत घट्ट घेतलं की आतडी-बितडी वर सरकून डायफ्रामला खाली यायला जागाच उरत नाही. श्वास घेताना पोट हलकंसं पुढे यायला हवं. आईला वाईट वाटणार नाही अशा बेताने सांग, नाहीतर आता हिचं आणि त्यांचं सुरू होईल. म्हणूनच मागे उशा लावून रेललेल्या पेशंटपेक्षा खुर्चीत ताठ बसलेल्याचे बॉल जास्त छान राहतात, पोटातलं सगळं खाली लोंबतं आणि पिस्टनला रस्ता मोकळा.

पंखा हवा आत ढकलत नाही. त्या वाऱ्याचा फुप्फुसातल्या दाबाशी काही संबंध नाही, खिडकी बंद करून एसी लावला तरी खोलीत दाब ७६० च आणि श्वास घ्यायला हवा भरपूर. पण चेहऱ्यावर गार वारा आला की धाप लागल्याची भावना खरंच कमी होते, हे आम्ही पेशंटमध्ये वापरतो सुद्धा. तेव्हा पंखा राहू दे, पाचवर कशाला, तीन पुरे. खिडक्यांचं म्हणशील तर संध्याकाळी रोडच्या बाजूच्या बंद ठेव, धूळ नको.

आता करायचं कसं. गोळी घेतल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने दुखणं कमी असतं तेव्हा सुरू करा. खुर्चीत ताठ, खांदे सैल, यंत्र सरळ उभं डोळ्यांसमोर. आधी नेहमीसारखा श्वास सोडायचा, मग नळीचं तोंड ओठांनी घट्ट धरायचं (कवळी असेल तर घालून, नाहीतर बाजूने हवा येते), आणि सावकाश आत घ्यायचं, पोट पुढे. बॉलवर ६००, ९००, १२०० असं लिहिलेलं दिसेल, ते सेकंदाला किती मिली हवा चाललीये त्याचे आकडे. इथे सगळे फसतात. तीन बॉल एका झटक्यात उडवून अर्ध्या सेकंदात खाली पाडले तर आत गेली ६०० मिली. एकच बॉल तीन सेकंद वर धरला तर १८०० मिली! तेव्हा तिसरा बॉल म्हणजे पहिला नंबर असं काही नाही, पहिला वर ठेवा, दुसरा आला तर आला. भरून झालं की दोन-तीन सेकंद थांबायचं, नळी तोंडातून काढायची आणि आरामात सोडायचं. मध्ये दोन-तीन साधे श्वास, सलग केलं तर चक्कर येते. जागेपणी तासाला दहा असं सहसा सांगतात, पण डिस्चार्जच्या कागदावर जे लिहिलंय तेच धरा. दहा झाले की छातीवर उशी घट्ट धरून दोनदा खोकायचं, कफ सुटतो. पाहुण्यांना दाखवायचे वेगळे, ते यात धरायचे नाहीत.

अचानक धाप वाढली, ताप आला, कफ हिरवा-पिवळा किंवा रक्ताचा आला, ओठ निळसर दिसले, एकच पाय सुजला, खोकताना छातीच्या हाडात कट्कट वाजलं किंवा जखमेतून पाणी यायला लागलं, तर यंत्र बाजूला ठेवायचं आणि सर्जनना फोन, रात्र असेल तर थेट कॅज्युअल्टी. माझ्या उत्तराची वाट बघत बसू नका.

आणि उद्या बाबांचा एक व्हिडिओ पाठव. फोटो नको, फोटोत सगळ्यांचेच बॉल वर असतात. बाजूने काढ, कमरेपासून डोक्यापर्यंत, मला त्यांचे खांदे बघायचेत. श्वास घेताना खांदे कानाकडे जात असतील तर अजून मानेनेच ओढतायत, मग पुढचं सांगते.